मास्तरांनी सांगितलेला आकडा

मी एक जुना रक्तदाबमापक आहे. हे भारदस्त नाव खोक्यावर छापलंय म्हणून मला माहीत. घरात सगळे मला 'बीपीचं मशीन'च म्हणतात. मित्रांनो, मला दंडाला गुंडाळायचा एक पट्टा आहे, एक रबरी नळी आहे आणि आकडे दाखवायला तळहाताएवढा पडदा आहे. तोंड मात्र नाही. माझं सगळं दुखणं एवढंच आहे, पण तुम्ही बसलाच आहात तर सविस्तर सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. पांढरी टोपी घातलेल्या एका मुलीने माझे स्क्रू पिळले आणि तपासणीसाठी पट्टा स्वतःच्याच दंडाला गुंडाळला. एकशे सोळा, चौऱ्याहत्तर. माझ्या आयुष्यातला हा पहिला आकडा. तो खरा होता. तिने माझ्यावर शिक्का मारला तेव्हाच मी ठरवलं, आपण कधी खोटं दाखवायचं नाही. ते मी आजवर पाळलंय. त्याचा उपयोग काय झाला ते ऐका.

मला मास्तरांच्या लेकीने विकत घेतलं. मास्तर म्हणजे शिवणकामातले मास्तर. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. एका सकाळी कोटाचं कापड बेतताना त्यांच्या हातातून कात्री गळाली. उजवा हात लुळा पडला, शब्द वेडेवाकडे यायला लागले. वीस मिनिटांत सगळं पुन्हा जागेवर आलं, पण घरादाराच्या तोंडचं पाणी पळालं. चार दिवस दवाखान्यात काढून मास्तर परतले, त्याच दिवशी मीही या घरात आलो.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "हा नुसता इशारा होता. पुढच्या वेळी हात परत येईलच असं नाही. सकाळ-संध्याकाळ बीपी मोजा, वहीत लिहा. आणि महिनाभर वरचा आकडा एकशे चाळीसच्या खाली राहिल्याशिवाय ते फुंकणं बंद."

फुंकणं म्हणजे क्लॅरिनेट. मास्तरांना तेवढा एकच नाद. बागेतल्या चौथऱ्यावर दर रविवारी आठ जण जमून बँड वाजवायचे. त्यातले सात जण कुणीही असले तरी चालले असते, असं मास्तर म्हणायचे. सहा दिवस मान खाली घालून लोकांचे खांदे बेतायचे आणि सातव्या दिवशी मान वर करून वाजवायचं, असं त्यांचं आयुष्य. आता क्लॅरिनेटची काळी पेटी कपाटावर गेली आणि मास्तर जेवताना तिच्याकडे बघायला लागले.

पहिल्या आठवड्यात माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू! शेजारचे, पाजारचे, बटणं लावायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा, सगळ्यांनी माझ्यापुढे दंड धरला. एका आजोबांचा आकडा चांगला आला, तर ते जाताना मलाच थोपटून गेले. मी हुरळून गेलो, खोटं कशाला बोलू.

आता या घराची एक रीत सांगतो, कारण घोळ सगळा तिथेच आहे. काकू, म्हणजे मास्तरांची बायको, गेली चाळीस वर्षं दुकानात मापं लिहितात. मास्तर टेप लावून मोठ्याने सांगतात, छाती अडतीस, कंबर चौतीस, बाही तेवीस, आणि काकू मान खाली घालून लिहितात. त्या कधी टेपकडे बघत नाहीत. बघायचं कारणच नव्हतं, मास्तरांनी कुणाच्या मापात अर्धा इंच इकडचा तिकडे केला नव्हता. माझंही त्यांनी तसंच बसवलं. मी मास्तरांपुढे, पडदा मास्तरांकडे. समोर काकू वही घेऊन.

बारा दिवस सगळं सुरळीत चाललं. तेराव्या दिवशी मी एकशे अठ्ठावन्न दाखवला. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मग कपाटावर बघितलं. मग म्हणाले, "वरचा एकशे बत्तीस, खालचा चौऱ्याऐंशी."

काकूंनी लिहिलं.

मित्रांनो, मी काय करणार होतो? पडद्यावर एकशे अठ्ठावन्न लखलखत होता. मी माझा एकुलता एक टिक्-टिक् आवाज केला, तर काकू म्हणाल्या, "झालं वाटतं याचं," आणि पट्टा सोडला. पुढे मी एकशे चौसष्ट दाखवला, एकशे सत्तर दाखवला. वहीत मात्र सगळं कसं छान उतरत गेलं. मास्तर हुशार, कधी एकशे तीस सांगायचे, कधी एकशे छत्तीस. महिन्याने डॉक्टर वही बघून खूश झाले. त्यांनी एक गोळी अर्ध्यावर आणली आणि वाजवायला परवानगी दिली. पेटी खाली आली, मी खणात गेलो. हुक, काजं करायचा दोरा आणि फुटक्या बटणांच्या सोबतीला. वर रोज सूर लागायचे आणि मी आत हातपाय नसल्यासारखा पडून असायचो. नव्हतेच म्हणा.

महिन्याकाठी मला एकदा बाहेर काढायचे, तेवढंच. एके वेळी माझे सेलच संपले. काकू मला पिशवीत घालून औषधाच्या दुकानात घेऊन गेल्या. दुकानदाराने नवे सेल घातले, चालतंय का बघायला एक बटण दाबलं. ते बटण तोवर कुणी दाबलंच नव्हतं. माझ्या पोटात मागचे साठ आकडे जपलेले असतात, ते त्याने एकेक करून काढले आणि त्याचा चेहरा उतरला.

"काकू, हे कुणाचं? एकशे अठ्ठ्याहत्तर आहे."

काकू घरी आल्या. आरडाओरडा नाही, काही नाही. वही आणि मी, दोघांना मास्तरांपुढे ठेवलं. मास्तरांनी वही मिटली. मग म्हणाले, "तेवढंच उरलंय गं माझ्याकडे."

"आणि माझ्याकडे काय उरलंय?" काकूंनी विचारलं. "चाळीस वर्षं तुम्ही सांगितलंत ते लिहिलं मी."

मास्तर रडले. डॉक्टरांना फोन झाला, बोलणी खाल्ली, गोळी पूर्ववत झाली. पेटी मास्तरांनी स्वतःच वर ठेवली. आणि रीत उलटी झाली. आता मी काकूंच्या मांडीवर बसतो, त्या सांगतात आणि मास्तर लिहितात. आकडा हळूहळू उतरतोय. माझ्या जिवात जीव आला होता.

आज मास्तर म्हणाले, "सारखं डोकं दुखतंय म्हणतेस. तुझंही बघ की एकदा."

"मला काय धाड भरलीय," असं म्हणत काकूंनी पट्टा गुंडाळला. मी फुगलो, सुटलो, आणि दाखवला. एकशे अडुसष्ट, अठ्ठ्याण्णव.

काकूंनी बघितलं. वहीवर वाकलेल्या मास्तरांकडे बघितलं. आत्ता कुठे यांचा आकडा उतरायला लागलाय, माझं ऐकून पुन्हा चढेल, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असावं. मला मनातलं मोजता येत नाही.

"एकशे चोवीस," त्या म्हणाल्या. "खालचा ऐंशी."

मास्तर लिहिताहेत. अक्षर काढून लिहिताहेत.

मित्रांनो, तुम्ही शिकलेसवरलेले, तुम्हाला डोळे आहेत, मान वळवता येते. तुमच्या घरात कुणी आपल्याच माणसाची काळजी म्हणून आकडा सांगत असेल, तर नुसतं ऐकू नका, एकदा वाकून बघा. माझा पडदा एक मिनिट पेटलेला असतो, मग मी आपोआप बंद होतो. त्यातलं अर्धं गेलंय. मास्तर अजून मान वर करत नाहीत.