एका रांगेला एक बिल्ला

आमच्या सरकारी खरेदी विभागाला अचानक माणुसकीचा झटका आला. आजवर संगणक घेताना आम्ही एकच बघायचो, स्वस्त आहे का. आता नियम निघाला की ते जिथे जोडले जातात तिथल्या कामगारांना धड वागवतात का, हे स्वतः जाऊन बघायचं आणि मगच ऑर्डर द्यायची. साहेबांनी नियम वाचला आणि म्हणाले, "म्हणजे जेवण तिकडेच."

मी आधीच सांगून टाकलं, "साहेब, माझी धाकटी बहीण त्याच कारखान्यात आहे."

"मग तर तुम्ही चलाच. रस्ता चुकायला नको."

बहीण लॅपटॉपला कीबोर्ड बसवते. तिच्या रांगेत सगळ्या बायका, आणि बाथरूमला जायला सगळ्यांत मिळून एक बिल्ला. तो गळ्यात असेल तरच जागेवरून उठायचं. म्हणून ती कामावर पाणीच पीत नाही, आणि तिला वरचेवर लघवीची जळजळ होते. डॉक्टर म्हणतात, भरपूर पाणी प्या. त्यांचं काय जातं सांगायला!

भेटीच्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "ताई, आज आम्हाला सुट्टी दिलीय. पाहुणे येणार म्हणे."

"अगं बये, ती पाहुणी मीच!"

"मग नीट ऐक. ऑर्डर नाकारू नकोस हां. मला नोकरीही हवीय आणि बाथरूमही."

मला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त.

मॅनेजर दारातच हात जोडून उभा होता. आत रांगेत करकरीत कोट घातलेल्या हसतमुख बायका. एकीची नखं इतकी लांब आणि रंगवलेली की त्यांनी स्क्रू धरून दाखवला असता तर मी टाळ्याच वाजवल्या असत्या. दुसरी कीबोर्ड उलटा बसवत होती आणि बसत नाही म्हणून त्याच्यावरच चिडत होती. "वातावरण छान आहे," साहेब म्हणाले. त्यांचं लक्ष बिस्किटांवर होतं.

मी नखंवालीला विचारलं, "बाथरूम कुठे आहे हो?"

"चला ना, दाखवते." ती उठलीसुद्धा.

"आणि बिल्ला?"

"कसला बिल्ला? मी तर हिशेब विभागात..." तिने जीभ चावली. मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला.

आमचे साहेब आळशी आहेत, पण कुणी त्यांना मामा बनवलेलं त्यांना अजिबात खपत नाही. माझ्याकडून बिल्ल्याची आणि आजच्या सुट्टीची सगळी हकिगत ऐकून त्यांनी कप खाली ठेवला. "रोजच्या बायकांना बोलवा. तो बिल्ला आजपासून बंद, तरच ऑर्डर. आणि पुढच्या वेळी आम्ही न सांगता येऊ."

मॅनेजरने मान डोलावली. दुसरं करणार काय?

दुपारी बायका आल्या आणि आपापल्या जागी बसल्या. साहेब खुर्ची ओढून म्हणाले, "बोला, मोकळेपणाने बोला. बिल्ला आता बंद झालाय."

बहिणीने माझ्यापुढची पाण्याची बाटली उचलली, मॅनेजरच्या डोळ्यांदेखत गटागटा संपवली, आणि "ताई, आलेच गं" म्हणत उठून गेली. तिच्यामागे शेजारची उठली, मग तिच्या पलीकडची. बघता बघता अख्खी रांग रिकामी.

"अहो, पण बोलायचं कुणाशी?" साहेब वैतागले. "किती वेळ थांबायचं आपण?"

"थांबा की साहेब," मी म्हटलं. "त्या रोज थांबतात."