समुद्र न पाहिलेला शिंपी

तेवीस मार्चची सकाळ. ओरुरो गावात सातपासूनच बँडवाल्यांचा सराव सुरू झाला होता. सेव्हेरो मास्तर दुकानाचं दार उघडून बसले होते, पण शिवायचं काही उरलं नव्हतं. समुद्रदिनाला शाळेची मुलं खलाशांच्या पांढऱ्या पोशाखात संचलन करतात. ते पोशाख चाळीस वर्षं मास्तरच शिवत आले होते. बोलिव्हियाला समुद्र नाही. एकशे चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी लढाईत किनारा चिलीकडे गेला. त्याची आठवण म्हणून हा दिवस. मास्तरांनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता.

इतक्यात शेजारच्या आसुन्ताबाई आत आल्या. चौकात त्यांची न्याहारीची टपरी होती. हातातली पांढरी कॉलर त्यांनी टेबलावर टाकली.

"मास्तर, माझ्या नातीचं जहाज बुडवलंत की हो!"

मास्तरांनी पाहिलं. कॉलरवरचा जहाजाचा नांगर उलटा शिवला होता. कडी खाली, टोकं वर.

"चष्मा कुठंय तुमचा?"

"नाकावर."

"मग डोळे कुठं होते?"

मास्तरांनी टेबलावरचा डबा जवळ ओढला. नांगर त्यांची बायको नेमेसिया भरायची, पिवळ्या रेशमाने. ते कापायचे, शिवायचे आणि नांगर तिच्यावर सोडायचे. ऑगस्टमध्ये ती गेली. छातीत कफ धरला आणि अकरा दिवसांत सगळं संपलं. बिस्किटांच्या डब्यात तिने भरून ठेवलेले नांगर निघाले. ते नुसते टाचायचे होते. तेवढंही मास्तरांना धड जमलं नाही.

आसुन्ताबाईंनी डब्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली आला.

"असे किती गेले असतील?"

"देव जाणे."

"जाऊ द्या. आपल्यात खरा नांगर पाहिलाय कोणी? उलटा की सुलटा, कोणाला कळणार?"

मास्तरांना हसू आलं. ऑगस्टनंतर पहिल्यांदाच. त्यांनी टाके उसवले, नांगर सरळ करून दिला आणि टोपी घालून चौकाकडे निघाले.

औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर ते उभे राहिले. दरवर्षी दोघं इथेच उभी राहत. हेडमास्तरांचं भाषण झालं. "समुद्र आमचा होता, आमचाच होणार!" असं ते म्हणाले आणि सगळा चौक त्यांच्यामागून ओरडला. मास्तरांचा आवाज नेहमी सगळ्यांच्या वर असायचा. नेमेसिया कोपराने ढोसायची, "अहो, पुरे. चिलीत ऐकू गेलं." आज त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

त्यांची मुलगी योबाना नऊ वर्षं आरिकात राहत होती. आरिका म्हणजे चिली. तिकडचाच नवरा केला होता तिने. दरवर्षी पोशाखांचं काम उरकलं की नेमेसिया विचारायची, "बसने आठ तास तर लागतात. एकदा समुद्र बघून येऊ या का?"

"आपला होईल तेव्हा जाऊ," मास्तर म्हणायचे. "आपलीच वस्तू दुसऱ्याच्या दारात उभं राहून बघायची?"

"समुद्राला ठाऊक तरी आहे का, तो कोणाचा ते?" असं म्हणून ती हसायची आणि कामाला लागायची.

गेल्या वर्षी तिने विचारलं नाही. मास्तरांना तेव्हा बरं वाटलं होतं. शेवटी हिलाही पटलं, असं त्यांना वाटलं होतं.

मुलं पुढून जाऊ लागली. मास्तर कॉलरी बघत होते. चार मुलांचे नांगर उलटे होते. मग पाचवा दिसला. कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. लोक टाळ्या वाजवत होते, आया रडत होत्या. मास्तरांनाही भरून आलं. या लोकांवर त्यांचा जीव होता, या गार वाऱ्याच्या गावावर होता. किनारा गेला तो अन्यायाने गेला, हे त्यांना आजही तसंच वाटत होतं. देशाने वाट पाहावी, यातही त्यांना चूक दिसत नव्हती. देशाला वेळ असतो. नेमेसियाला नव्हता. देशाचं ते वाट पाहणं त्यांनी तिच्या गळ्यात घातलं आणि तिने ते कुरकुर न करता वागवलं. हे त्यांना आज, टाळ्यांच्या आवाजात उभं असताना कळलं.

संचलन संपायच्या आत ते दुकानात परतले आणि त्यांनी फोन लावला.

"योबाना, आज बस मिळेल का गं?"

"कुठली बस?"

"तुझ्याकडची."

"बाबा, आज? आजचा दिवस कोणता आहे, माहितीय ना?"

"शिंपी आहे मी त्या दिवसाचा. मला विचारतेस?"

ती रडत होती आणि हसतही होती. "दीडची आहे. स्वेटर घेऊ नका, इथे गरम आहे. आणि बाबा, रागावणार नसाल तर एक सांगू? आरिका आपलं नव्हतंच कधी. ते पेरूचं होतं. आपलं ते खाली दक्षिणेला."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"आईने सांगितलं होतं की तुम्हाला. दोनदा."

मास्तरांना आठवेना. मशीन चालू असेल. मशीन कायमच चालू असायचं.

त्यांनी पिशवीत एक सदरा भरला. वर नेमेसियाची तपकिरी शाल ठेवली. कुलूप लावत असताना आसुन्ताबाई टपरीकडे जाता जाता थांबल्या. पिशवी बघून म्हणाल्या, "निघालात कुठं?"

"आरिकाला."

"आज? आजच्या दिवशी चिलीला? लोक काय म्हणतील मास्तर!"

"म्हणू देत. समुद्र आपला आहे, हे मी तिथेही सांगेन. फक्त पाय पाण्यात घालून सांगेन."

तेवढ्यात पिशवीतून डोकावणारी शाल आसुन्ताबाईंना दिसली. ती त्यांनी ओळखली. त्या टपरीत गेल्या आणि एक रिकामी बाटली धुऊन घेऊन आल्या.

"ही भरून आणा माझ्यासाठी. पण आपल्याकडचं पाणी हवं. त्यांचं नको."

"अहो, योबाना म्हणते, आरिका आपलं नव्हतंच. आपला किनारा पार खाली."

आसुन्ताबाईंनी हात झटकला. "पाणी काय एका जागी बसून राहतं? इतक्या वर्षांत आपलंही थोडं वाहत आलंच असेल की वर."

मास्तरांनी बाटली शालीत नीट गुंडाळली, फुटू नये म्हणून, आणि बसस्टँडकडे चालू लागले.