फक्कीच्या रेघेत राहिलेले दार

व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या तरुणांसाठी निवासगृह रचण्याचे काम माझ्या भाचीस मिळाले, आणि आखणीचा मान तिने मला, म्हणजे आपल्या गवंडी मामास दिला. त्या सकाळी माझे पाय जमिनीला लागत नव्हते. त्यास आणखीही एक कारण होते. माझा धाकटा मुलगा पूर्वीच्या व्यसनमुक्ती केंद्रातून पळून आला होता व पुन्हा कोठेही राहण्यास साफ नकार देत होता. तोच आज केवळ आपल्या या आतेताईच्या शब्दाखातर, मापाची फीत धरण्यासाठी का होईना, माझ्यासोबत आला होता.

मी चुन्याची फक्की भुरभुरत गेलो आणि कागदावरील संपूर्ण वास्तू पांढऱ्या रेघांनी भूमीवर अवतरली. खोल्या, उजेडाचा चौक, सुतारकामाची शाळा! भाची तर त्यांतून अशी बागडत होती, की जणू भिंती उभ्याच आहेत.

"ये ना आत," तिने धाकट्याला हाक मारली. "भिंतीतून नको हं, डोकं आपटेल."

तो रेघेभोवती पुरता फेरा मारून माझ्यापुढे उभा राहिला.

"बाबा, येऊ कुठून? दारच नाहीये."

मी पाहिले व ओशाळलो. इमारतीच्या पायाची रेघ दाराखालूनही अखंड जाते. हयातभराच्या सवयीने माझा हात कोठेही थांबला नव्हता.

"वा मामा, पळायची सोयच ठेवली नाहीस की," भाची म्हणाली, आणि चक्क धाकटाही हसला.

"नकाशात दार रस्त्याकडे आहे," ती त्याला म्हणाली.

"तिकडे नको. येणारे-जाणारे टकामका बघतात." तो झाडांच्या बाजूस गेला व चपलेने रेघ पुसू लागला. "इथे कर. आणि दोघं बरोबरीने जातील एवढं. त्या केंद्राचं दार इतकं अरुंद होतं, आई मागेच राहिली माझ्या."

भाचीने नकाशा गुडघ्यावर घेऊन दार तेथल्या तेथे हलविले. "मग चौकही वळवावा लागेल."

"वळव की मग."

त्याने माझा दंड धरला. आम्ही बापलेक खांद्याला खांदा लावून त्या दारातून आत शिरलो. कोपऱ्यातील खोलीत तो थांबला.

"ताई, ही कोणाला देऊ नकोस. माझी आहे."

"अरे, अजून एक वीट नाही आली."

"मग मागवा ना लवकर."

मी तेथूनच, त्याच्या खोलीत उभा राहून, वीटभट्टीस फोन लावला.