गिनाच्या धुराड्यातला धूर

उन्हं अंगणात आली तरी शेजारच्या गिनाच्या धुराड्यातून धूर निघाला नव्हता. स्तामेन खिडकीशी उभा होता. हातातली कॉफी कधीच गार झाली होती.

काल दुपारी त्याने कुंपणावरून गिनाला चमचाभर ल्युतेनित्सा चाखायला दिली होती. भाजलेल्या लाल मिरच्या आणि टोमॅटो घोटून नेवेना, त्याची बायको, दर सप्टेंबरात ती बरण्यांत भरायची. गिनाने चमचा चाटून पुसून परत दिला होता. "छान आहे," म्हणाली होती. आणि आज धूर नाही.

शेवटी त्याला राहवलं नाही. घरातल्या चपलांवरच तो बाहेर पडला आणि गिनाचं फाटक ढकलून आत घुसला. गिना खुराड्यात वाकून अंडी काढत होती.

"गिना!"

"काय रे? कुठे आग लागली?"

"चूल का नाही पेटवलीस?"

"बाहेर ऊन बघ जरा. मार्च लागला. लाकडं काय माझा बाप आणून टाकतो?"

"गिळायला जड जातंय? एकाचे दोन दिसतायत?"

गिना कंबर धरून उभी राहिली. "दिसतायत ना. एक स्तामेन येडा, आणि त्याच्या शेजारी दुसरा त्याहून येडा."

तो हसला. भीती एकदम उतरली. गिना जिवंत होती, टोमणे मारत होती. तो घरी निघाला आणि स्वतःच्या फाटकाच्या कडीला हात लावतो न लावतो तोच मनात आलं, पण बिघडलेल्या बरणीचं विष कधीकधी दुसऱ्या दिवशी चढतं. तिसऱ्यासुद्धा.

तो पुन्हा खिडकीशी जाऊन उभा राहिला.

नेवेना गेल्या मार्चमध्ये गेली. रात्रीचं जेवण झालं होतं. पाव, पांढरं चीज आणि तिचीच ल्युतेनित्सा. बरणी स्तामेनने उघडली होती. भांडी विसळता विसळता ती खुर्चीवर बसली, म्हणाली, "जरा बसते," आणि पुन्हा उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. तिच्या गोळ्या बरीच वर्षं चालू होत्या. स्तामेनलाही ते पटलं होतं. चाळिसाव्या दिवसाचे विधी होईपर्यंत तो फक्त रडत होता.

मग एका दुपारी तळघरातून बटाटे आणायला गेला असताना फळीवरच्या बरण्या दिसल्या, आणि एक प्रश्न आला. त्या दिवशी झाकण उघडताना टक् असा आवाज आला होता का? चांगल्या बरणीचं झाकण आवाज करतं. हवा आत गेलेली बरणी गुपचूप उघडते. त्याला आठवेना. जितकं आठवायला जावं तितकं पुसट होई. आवाज आला होता असं वाटे, मग वाटे की तो आवाज दुसऱ्या कुठल्या बरणीचा.

तो डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय, बरणीचा काही संबंध नाही, तुम्हीही तेच खाल्लं होतं ना? बरोबर होतं. तो आठवडाभर शांत झोपला. मग वाटलं, मी थोडं खाल्लं होतं, तिने जास्त. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा नर्सने दारातूनच सांगितलं, "हृदय, काका, हृदय."

मग त्याने बरण्यांनाच विचारायला सुरुवात केली. झाकण मध्ये दाबून बघायचं. हललं नाही तर बरणी चांगली. पण इतक्या वेळा दाबल्यावर बोटाला काही कळेनासं झालं. हललं का? की बोटच हललं? मग खात्रीचा एकच मार्ग उरला, उघडून आवाज ऐकणं. टक्. आवाज आला की छातीवरचा दगड उतरायचा. ही चांगली होती, म्हणजे तीही चांगली असणार. पण उघडलेली बरणी टिकत नाही, आणि ती खायची त्याची हिंमत नव्हती. वास घ्यायचा, जिभेला लावून थुंकायचं, चमचाभर गिनाच्या कोंबड्यांना टाकायचं आणि बाकीची परसातल्या खड्ड्यात. कोंबड्या मरत नव्हत्या. पण कोंबडी म्हणजे माणूस नव्हे. म्हणून मग गिना.

"आधी माझ्या कोंबड्या, मग मी," गिना म्हणायची. "बढती मिळाली म्हणायची मला."

हिवाळा संपता संपता भरलेली फळी रिकामी झाली. कोपऱ्यात थोड्याच बरण्या राहिल्या.

वर्षश्राद्ध जवळ आलं. या गावात बाईच्या वर्षाला तिच्याच हातचं काही उरलं असेल तर ते थडग्यापाशी वाटतात. जो घेतो त्याने तिथेच तोंडात घालायचं आणि म्हणायचं, देव तिला क्षमा करो. नाही म्हणायची रीत नाही, घरी नेऊन खायचीही नाही. नेवेनाने स्वतःच्या आईच्या वर्षाला आईने घातलेलं लोणचं असंच वाटलं होतं. सगळं गाव नेवेनाची ल्युतेनित्सा खाणार, त्याच्या डोळ्यांसमोर.

"दुकानातली घेऊन या मग," मुलगी रालित्सा प्लोवदिवहून फोनवर म्हणाली. "कुणाला कळणार आहे?"

"तुझ्या आईला कळेल."

"बाबा, तुम्ही एकदा माझ्याबरोबर या. एका डॉक्टरांची वेळ घेतलीय."

"वेड्यांच्या?"

"घाबरलेल्यांच्या."

डॉक्टर मिंचेवा तरुण होत्या, सर्दी झालेली, सारख्या नाक पुसत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत.

"शेवटची बरणी उघडलीत तेव्हा आवाज आला?"

"आला."

"बरं वाटलं?"

"वाटलं."

"किती वेळ?"

"पहिल्यांदा आठवडाभर. मग दिवसभर. आता तळघराच्या पायऱ्या चढून वर येईपर्यंत."

"हाच तुमचा आजार आहे, काका. बरण्यांचा काही नाही. भीती आली की तुम्ही तपासता, भीती उतरते. डोकं समजतं, धोका खरा होता, तपासलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी ते अजून लवकर हाक मारतं."

"मग मी करू काय?"

"झाकण फुगलंय का, एकदा बघा. सगळं जग एकदाच बघतं. मग दाबायचं नाही, उघडायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. भीती येईल, खूप येईल. येऊ द्या. ती न तपासताही उतरते, पण तुम्ही तिला तशी कधी उतरू दिली नाहीत."

"आणि कुणी खरंच मेलं तर?"

"याचं उत्तर मी देणार नाही."

"मग पगार कशाचा घेता हो तुम्ही?"

"हे उत्तर न देण्याचा," डॉक्टर म्हणाल्या आणि शिंकल्या.

गाडीत तो रालित्सावर चिडला. घरी आल्यावर गिनावर चिडला, कारण रालित्साने तिलाही डॉक्टरांचं सगळं सांगून ठेवलं होतं.

"गिना, परवाची ल्युतेनित्सा खरंच बरी होती ना? आंबट नव्हती लागत?"

"नाही सांगणार."

"एवढंच सांग. शेवटचं."

"तुझं शेवटचं मी हिवाळाभर ऐकतेय. आता चाखणारही नाही आणि सांगणारही नाही. माझ्या कोंबड्यांनासुद्धा ताकीद दिलीय."

"तू मैत्रीण होतीस तिची!"

गिनाचं हसू गेलं. "होते. म्हणूनच. तिच्या हातच्या सगळ्या बरण्या तू खड्ड्यात घातल्यास, स्तामेन. एक तरी खराब निघाली का?"

तो वळला आणि सरळ तळघरात गेला. एकच उघडतो, म्हणजे बाकीच्यांची खात्री होईल. त्याने जवळची बरणी उचलली आणि झाकण पिळलं. टक्.

छाती हलकी झाली. आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधीच ती पुन्हा आवळली. ही चांगली होती, बाकीच्या कशावरून?

हातात उघडी बरणी धरून तो तिथेच बटाट्यांच्या पोत्यावर बसला. मिरच्यांचा भाजका वास येत होता. ही बरणी मघापर्यंत चांगली होती. ती चांगली आहे का हे बघण्यासाठी त्याने तिचं वाटोळं केलं होतं, आणि त्याआधी सगळ्या फळीचं.

स्तामेनची सगळी नोकरी रेल्वेच्या फाटकावर गेली होती. गाडी यायची झाली की फाटक पाडायचं, डोळ्यांनी बघायचं, स्टेशनला फोन करायचा, "फाटक बंद." संपलं. फाटक खरंच लागलंय का हे बघायला तो कधी दुसऱ्यांदा गेला नव्हता. आत बसून सिगरेट ओढायचा आणि गाडी धडधडत निघून जायची. तेव्हा इतकी खात्री कुठून यायची? आता त्याला वाटलं, परत जात नव्हतो म्हणूनच यायची. एकदा जरी उठून बघायला गेलो असतो तर रोज जावं लागलं असतं, आणि एक दिवस रुळांवरच उभा राहिलो असतो.

हे कळलं म्हणून भीती गेली नाही. त्याने राहिलेल्या बरण्यांची झाकणं एकदा नजरेने बघितली. एकही फुगलेलं नव्हतं. मग बरण्या टोपलीत ठेवल्या, वर नेवेनाचा टॉवेल टाकला आणि टोपली रालित्साच्या गाडीत ठेवून गाडीची किल्ली तिच्याकडे दिली.

"मागितली तरी देऊ नकोस."

संध्याकाळपर्यंत त्याने ती दोनदा मागितली. तिने दिली नाही.

दुसऱ्या दिवशी थडग्यापाशी वारा होता. पाद्रीबाबांची प्रार्थना झाली, थडग्यावर वाइन ओतली, साखर घातलेला उकडलेला गहू वाटून झाला. रालित्साने बरण्या उघडल्या. वाऱ्यात आवाज आला की नाही ते स्तामेनला ऐकू आलं नाही. त्याने वाकून ऐकायचा प्रयत्न केला आणि मग मुद्दाम मान दुसरीकडे फिरवली.

रालित्सा पावाच्या तुकड्यांवर ल्युतेनित्सा लावून त्याच्या हातात देत होती, आणि तो एकेकाला देत होता. पोस्टातली बाई. म्हातारा सुतार. एक बाई कडेवर नात घेऊन आली आणि तिने अर्धा तुकडा पोरीच्या तोंडात कोंबला. स्तामेनचा हात आपोआप पुढे गेला, तुकडा काढून घ्यायला. त्याने तो हात खिशात घातला. पोरगी चावत राहिली, गाल लाल झाले.

"देव तिला क्षमा करो," बाई म्हणाली.

"क्षमा करो," त्याने म्हटलं.

सगळ्यात शेवटी गिना आली. तुकडा घेतला, त्याच्याकडे बघत सावकाश चावला, गिळला. छान आहे म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "देव तिला क्षमा करो," आणि डोळे पुसून पुढे गेली.

दुपारी रालित्सा प्लोवदिवला परतली. स्तामेन घरात एकटाच राहिला. मग भीती आली. डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी, पण त्याहून मोठी. पोरीचे गाल लाल का झाले होते? वाऱ्याने? सुतार खोकला होता. सगळ्यांच्या घरी एक चक्कर मारावी, नुसती विचारपूस म्हणून. त्याने कोट घातला. फाटकापर्यंत गेला. कडीवर हात ठेवला. लोखंड गार होतं. गल्लीत कुणीतरी मोटार सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. त्याने कडी सोडली, घरात आला, कोट काढला. मग पुन्हा घातला. पुन्हा काढला. अंधार पडेपर्यंत असंच चाललं, पण फाटकाबाहेर तो गेला नाही.

सकाळी हवा परत गारठली होती. अशा सकाळी धूर दिसायलाच हवा. त्याने कॉफी केली, खुर्ची उचलली आणि खिडकीकडे पाठ करून ठेवली. पाठीला डोळे फुटल्यासारखं वाटत होतं. मानेचे स्नायू दुखू लागले. एकदा मान वळवली की संपलं, एकच क्षण, कुणाला कळणार? तो टेबलाची कड धरून बसला.

टेबलावर काल उघडलेली, तळाशी थोडी उरलेली बरणी होती. रालित्सा ठेवून गेली होती. त्याने पावाचा तुकडा तोडला, ल्युतेनित्सा जाड लावली आणि तोंडात घातला. थुंकला नाही. गिळला.

वर्षभर त्याने ही ल्युतेनित्सा जिभेला लावली होती ती फक्त बिघडलीय का हे कळावं म्हणून. आंबट, कडू, बुरशी, याच गोष्टी शोधल्या होत्या. आता घास खाली उतरल्यावर कळलं. मीठ जास्त पडलं होतं. नेवेनाचा हात मिठाला नेहमीच सैल असायचा. तो दर वर्षी बोलायचा आणि ती म्हणायची, मग दुसरी बायको शोध.

तो रडायला लागला. भीती तशीच होती, पाठीमागे, खिडकीत. त्याने दुसरा तुकडा तोडला.