हरणीची सोबतीण

मी बकरी बोलतेय. रायपूरच्या गुढियारी वस्तीत राहणाऱ्या गुलाबरावांची बकरी. खरं तर त्यांना बकरी नकोच होती. त्यांच्याकडे एक पांढरी घोडी होती, हरणी. लग्नाच्या वरातीत नवरदेव तिच्यावर बसायचे. तिच्या जोडीचा घोडा मेला तेव्हा तिनं दाणापाणी सोडलं. कुणीतरी सांगितलं, घोड्याला एकट्याला करमत नाही, जवळ एखादी बकरी बांधा. म्हणून मला बाजारातून आणलं. तिच्याजवळ असणं, एवढंच माझं काम.

सुरुवातीला तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग एका दुपारी माझ्या पाठीवर हनुवटी टेकवून तिनं डोळे मिटले. डोकं चांगलंच जड होतं. मी हलले नाही.

गुलाबराव रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला होते, आता रिटायर झालेले. त्यांची बायको मायाबाई वारल्यापासून घरात दुसरं माणूस नव्हतं. मुलगा भिलाईला. ते बोलायचे हरणीशीच. "आज ऊन लई तापून राहिलं, हरणे." मीही तिथंच असायचे. माझ्याशी बोलावं असं त्यांना कधी सुचलं नाही.

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, त्यानंतरचा तो पहिलाच उन्हाळा. आम्ही चरायचो ती मोकळी जागा तारेच्या कुंपणात गेली. तिथं म्हणे साहेबांचे क्वार्टर होणार होते. उरला सुकलेल्या तलावाचा काठ. गुलाबराव उजाडायच्या आत आम्हाला तिकडं न्यायचे आणि ऊन चढायच्या आत परत आणायचे. टिनाच्या छपरावर ओली पोती टाकायचे, बादली सावलीबरोबर सरकवत राहायचे, हरणीला चाटायला मिठाचा खडा ठेवायचे. मायेत काही कमी नव्हतं.

पण तलावाकाठचं गवत बोटभरच उरलं होतं. मी बाभळीच्या शेंगा खायचे, झुडपांचा पाला ओरबाडायचे. हरणी मान खाली घालून ते खुरटं गवत मुळासकट उपटायची. मुळांना रेती, ओठांना रेती. तिच्या दातांतली करकर मला ऐकू यायची. गुलाबराव लांब दगडावर बसून म्हणायचे, "चर बाई, पोटभर चर."

एका दुपारी तिनं पुढच्या पायानं जमीन उकरली. मान वळवून स्वतःच्याच पोटाकडं पाहिलं. मग बसली, लोळली, उठली, पुन्हा लोळली. अंग घामानं निथळत होतं. मी दोरीला हिसके देत ओरडत राहिले. ओसरीवर गुलाबरावांचा डोळा लागला होता. "काहून बोंबलून राहिली वं?" म्हणत ते आले, आणि हरणीला पाहून जागीच थांबले.

शेजाऱ्यानं फोन केला तशा जनावरांच्या डॉक्टर कौमुदी शंकर नगरहून स्कूटीवर आल्या. मराठी घरातल्या, पण तोंडात हिंदीच. त्यांनी हरणीचं पोट तपासलं, सुई टोचली, नाकातून नळी घालून औषध सोडलं. मग तिची लीद बादलीभर पाण्यात कालवली आणि थोड्या वेळानं वरचं पाणी हळूच ओतून दिलं. तळाशी रेती बसली होती.

"बाबा, ये घास कम, रेत ज़्यादा खा रही है," त्या म्हणाल्या. "तालाब बंद. ठीक हो जाए तो चारा टब में देना, ज़मीन पर नहीं. साथ में भीगा चोकर, अपना कोंडा, और ईसबगोल. पानी जितना पिए."

गुलाबराव बादलीजवळ खाली बसले. "मी तं तिले चाराले नेत होतो, म्याडम. उपाशी नको राहाले म्हणून."

"हव बाबा, मालूम है," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांच्याजवळ उकिडव्या बसल्या.

त्या दुपारी, ती पुन्हा लोळू नये म्हणून, गुलाबराव हरणीला कडुलिंबाच्या सावलीत हळूहळू फिरवत होते. त्यांच्यामागं हरणी, हरणीमागं मी. संध्याकाळी तिला मोकळी लीद झाली. गुलाबरावांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड लपवलं.

हरणी वाचली. पण टिनाखाली उभं राहून टपातलं भाताचं तणस खाण्यात तिचं मन लागेना. ती वाळत चालली. हिला मोकळं रान आणि उंच गवत हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं. धमतरीचे हिरालाल वरातीचे घोडे पाळायचे, नदीकाठी त्यांचं हिरवं रान होतं. गुलाबरावांनी बरेच दिवस विचार केला आणि हरणीला घेऊन जा असा त्यांना निरोप धाडला.

हिरालाल टेम्पो घेऊन आले. "भुईवर चारा नोका टाकू," गुलाबराव पुन्हा पुन्हा सांगत होते. "भर उन्हात नोका काढू तिले." मग माझ्याकडं बोट केलं. "हिले बी न्या. दोघी संगंच राहतात."

"बकरी का क्या करूँगा, भैया? वहाँ घोड़े हैं ना," हिरालाल म्हणाले.

टेम्पो निघाला. हरणी खिंकाळली, मीही ओरडले. वळणापर्यंत आम्हाला एकमेकींचं ऐकू येत होतं.

आता मी आणि गुलाबराव. मध्यंतरी एक गिऱ्हाईक मला विकत घ्यायला आलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "इकाची नाही." ते ओसरीवर बसतात, मी खुंट्याला. कुणीच बोलत नाही. माणसाच्या जवळ कसं असायचं हे मला कुणी शिकवलं नाही. त्यांनाही बकरीशी काय बोलावं ते सुचत नसेल.

तुमच्यापैकी कुणी धमतरीकडं गेलंत आणि नदीकाठी पांढरी घोडी दिसली, तर तिला माझी आठवण करून देऊ नका. तिला आता घोड्यांची सोबत आहे. फक्त क्षणभर थांबा आणि बघा, तिथलं गवत तिच्या गुडघ्याला लागतंय ना.