त्रिस्तानकडची माणसं

आमच्या अन्सेल्मोचं नाक बसकं, पण राग मात्र त्यावर बरोबर बसतो. माझा धाकटा भाऊ आहे, मी बोलणारच.

त्या दिवशी तो दारात गाडी धूत होता. त्रिस्तान आला, मानो करायला, म्हणजे आशीर्वादासाठी मोठ्यांचा हात आपल्या कपाळाला लावायला वाकला आणि वाकल्या वाकल्याच म्हणाला, "काका, मला रोवेनाशी लग्न करायचंय." एकटा! बरोबर कुणी वडीलधारं नाही, हातात खाऊचा डबा नाही. अन्सेल्मोने ओला हात तसाच खिशात घातला.

"पाना मागायला आलायस का रे? मुलीला मागणी घालायला माणसं येतात. माणसं आण, मग बोल."

आता माणसं कुठून आणायची? त्रिस्तानचा जन्म इथलाच, अमेरिकेतल्या व्हॅलेहोतला. आई लहानपणी गेली, बाप दोन वर्षांपूर्वी. मनिलात कुणी असलंच तर ते याला ओळखत नाही. बस डेपोत विजेची कामं करतो, पोरगा सोन्यासारखा, पण आपल्या रीतीभाती म्हणाल तर पाटी कोरी. आणि आमची रोवेना बापाच्या वरताण हट्टी. "पप्पा हो म्हणेपर्यंत मी चर्चची पायरी चढणार नाही," म्हणून बसली, आणि रोज फोनवर त्रिस्तानशी बोलून रडायची.

मग या पठ्ठ्याने काय करावं? कॉलेजात संध्याकाळी फिलिपिनो भाषा आणि संस्कृतीचा वर्ग भरतो, तिथे नाव घातलं! बायको मिळवायला परीक्षेला बसणारा मी तरी दुसरा पाहिला नाही. अन्सेल्मो रात्रपाळीला गेला की हा माझ्याकडे सराव करायला यायचा.

"आत्या, आपण भोजन केलंत का?"

"भोजन राजे करतात, बाबा. मी जेवले. तू बस जेवायला."

"नको, नको."

"हे नको म्हणायचं कॉलेजात शिकवलं वाटतं?"

"हो. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा बसायचं."

"मग आणखी एकदा पटकन म्हणून टाक, भात निवतोय."

वर्ग संपत आला तेव्हा त्यांच्या मॅम अब्रेनिकांनी शेवटची परीक्षा म्हणून पामानहिकान ठेवलं. मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी जाऊन रीतसर मागणी घालायची, ते. वर्गात करा म्हणाल्या. त्रिस्तान म्हणाला, खऱ्या घरात केलं तर? मी अन्सेल्मोला सांगितलं की कॉलेजची मुलं आपली पद्धत बघायला येणार आहेत, त्यात त्रिस्तानही आहे. कुरकुर केली, पण शिकवायला मिळतंय म्हटल्यावर स्वारी खूश. इस्त्रीचा बारोंग सदरा घालून रविवारी सकाळपासून खुर्चीत!

दुपारी मॅमसकट वरात आली. त्रिस्तानचा आजोबा झालेल्या पोराने केसांना पीठ फासलं होतं, ते पावलागणिक गळत होतं. आजी झालेली मुलगी मेक्सिकन, हातात काठी आणि पायात लाल बूट. तिच्याकडे बिकोचा थाळा होता. चिकट भाताचा गोड बिको, नवराबायकोने तसं चिकटून राहावं म्हणून.

"आजोबा, वय काय आपलं?" अन्सेल्मोने विचारलं.

"एकोणीस... एकोणऐंशी!"

मॅमसुद्धा हसल्या. अन्सेल्मो तर डोळे पुसत होता. मला वाटलं, जमलं! तेवढ्यात त्रिस्तान पुढे होऊन मानो करायला वाकला. अन्सेल्मोचा हात परत खिशात गेला.

"नाटक झकास झालं. मॅम, गुण द्या पोरांना," तो म्हणाला. "पण याचं खरं माणूस कुठाय?"

त्रिस्तान तसाच वाकलेला.

"नाही, काका," तो म्हणाला. "मला कुणीच नाही."

स्वयंपाकघराच्या दारात रोवेनाने तोंड फिरवलं. माझं डोकंच फिरलं. उठले, त्या मेक्सिकन आजीच्या हातातून बिकोचा थाळा घेतला, त्रिस्तानची बाही धरली आणि दाराबाहेर गेले. दार लावून घेतलं. मग वाजवलं.

अन्सेल्मोने उघडलं. "ताई, हा काय पोरखेळ?"

"ताई घरात. मी मुलाकडची. मागणी घालायला आलेय."

"तू आमच्याकडची आहेस!"

"असं? आणि तुझ्यासाठी रेमेदिओसला मागायला तिच्या दारात कोण गेलं होतं रे? तेव्हा होते का तुला आईबाप? तिच्या बापाने विचारलं, याची माणसं कुठायत? मी म्हटलं, ही काय, मी उभी आहे."

अन्सेल्मोने मागे वळून गेलेल्या रेमेदिओसच्या भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला भरून आलं, पण थाळा जड होता.

"मोठ्या माणसाला उन्हात उभं करतात का?" मी म्हटलं.

तो वाकला. माझा हात घेऊन कपाळाला लावला. मग सरळ झाला, खिशाशी जरा घोटाळला आणि त्रिस्तानपुढे आपला हात धरला.

त्रिस्तानने एवढ्या घाईने कपाळ आपटलं की आवाज आला.

"हळू रे!" अन्सेल्मो ओरडला. "नारळ फोडतोयस का?"

पण हात काही त्याने मागे घेतला नाही.