झेलायच्या हातावरचा कोपरा

ओत्सो पेल्तोला आमच्या संघात आला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि मी एकोणतीस. दोघेही गोलकीपर. बर्फावरच्या हॉकीत बाकीच्यांना आळीपाळीने उतरायला मिळतं, पण रबरी चकती अडवायला जाळ्यापुढे उभा राहतो तो एकच. दुसरा सगळी हत्यारं अंगावर चढवून सबंध सामना बाकावर बसून राहतो.

पाच वर्षं तो दुसरा मी होतो. माझं काम काय, तर खेळाडू दमून परतले की बाकाचं दार उघडायचं आणि हातात पाण्याची बाटली द्यायची. त्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या जुन्या गोलकीपरचा खुबा कामातून गेला आणि त्याने खेळणं सोडलं. आमचा कोच रीस्तो मला म्हणाला, "लाउरी, पुढचा हंगाम तुझा." मी घरी येऊन माझ्या बायकोला, पिल्वीला, ते वाक्य तीनदा ऐकवलं. सगळा उन्हाळा जंगलातल्या टेकडीवर धावून काढला. तळ्याकाठच्या आमच्या लाकडी घरी घरचे सगळे गेले, मासे धरले, सौनात, म्हणजे गरम वाफेच्या खोलीत बसले. मी नाही गेलो.

आणि ऑगस्टमध्ये हे पोर आलं. ज्युनियर संघातून नुकतंच निघालेलं, आयुष्यातला पहिला व्यावसायिक करार. पहिल्याच दिवशी आईने केलेला ब्लूबेरीचा केक घेऊन आलं.

"तू लाउरी ना?" केकचा तुकडा माझ्यापुढे धरत तो म्हणाला. "आमच्या गावी तू सामना खेळला होतास. मी दहा वर्षांचा होतो. तुझी सही अजून आहे माझ्याकडे."

"असेल," मी म्हटलं.

"घ्या, लाउरी आजोबा झाला," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं आणि सगळी खोली हसली. मीही हसलो. केक फार चांगला होता, याचाही मला राग आला.

हंगामातले पहिले सहा सामने मी खेळलो. तीन जिंकलो, तीन हरलो. सातव्याला रीस्तोने सहज म्हणावं तसं म्हटलं, "आज ओत्सोला बघू जरा." ओत्सोने एकही गोल होऊ दिला नाही. आठव्याला पुन्हा तोच, नवव्यालाही तोच. मी पुन्हा बाकावर गेलो.

ते पोर उद्धट असतं तर बरं झालं असतं. पण तो सामना संपला की आधी माझ्याकडे यायचा. "दुसऱ्या गोलला मी फार पुढे आलो होतो का?" असं मनापासून विचारायचा. मी म्हणायचो, "नाही रे, ठीक होतं." गुरुवारी हॉलच्या उपाहारगृहात वाटाण्याचं सूप असायचं, तेव्हा माझंही ताट आणून ठेवायचा. गावातल्या वर्तमानपत्रात त्याचा अर्धं पान फोटो आला तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. आमची पाच वर्षांची लूमी बालवाडीतून एक चित्र घेऊन आली. जाळं, बर्फ, आणि जाळ्यापुढे एक मोठा माणूस.

"मी आहे का हा?" मी विचारलं.

"नाही, हा ओत्सो. तू इकडे बसलायस." तिने कागदाच्या कडेला बोट ठेवलं. मी एक चपटा ठिपका होतो.

पिल्वीने ते चित्र फ्रिजवर लावलं नाही. सकाळी कॉफी ओतताना म्हणाली, "तू त्या पोराकडे कसा बघतोस माहितीय? शेजारच्यांनी नवी बोट घेतली होती ना, तेव्हा बघायचास तसा."

"त्यांना ती चालवता येत नव्हती."

"आणि याला येते. तेच तर दुखणं आहे."

तिचं खरं होतं. मी सरावात रोज त्याच्या मागे उभा राहायचो, आणि मत्सराने माणूस जितकं बारकाईने बघतो तितकं कौतुकाने बघत नाही. नोव्हेंबरात मला दिसलं. समोरचा खेळाडू मारतोय असं भासवून थांबला, की ओत्सो क्षणभर आधी गुडघ्यांवर बसायचा. बसताना त्याचा झेलायचा हात कमरेपर्यंत खाली यायचा आणि त्या हाताच्या वरचा, जाळ्याचा कोपरा मोकळा पडायचा. डोळ्याची पापणी लवते तितका वेळ. गोलकीपरांना शिकवायला पेन्ती म्हणून एक जण फक्त मंगळवारी यायचा, त्याला ते दिसलं नव्हतं. पोर इतकं चपळ की चूक करून पुन्हा सावरायचं.

मी सांगायला हवं होतं. संघातला मोठा भाऊच म्हणायचो मी स्वतःला. पण आज नको, उद्या सांगू, असं करत तीन आठवडे गेले. नंतर नंतर ती गोष्ट मला खिशातल्या वस्तूसारखी वाटायला लागली. हात घालून चाचपायची आणि तशीच ठेवायची.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी यान्नेचा संघ आमच्याकडे खेळायला आला. यान्ने आणि मी लहानपणी एकत्र खेळलेलो, आता तो त्यांचा पुढच्या फळीतला मुख्य खेळाडू. सामन्याआधी दुपारी आम्ही हॉलच्या उपाहारगृहात कॉफी घेत बसलो.

"तुमचं हे पोर भारीच आहे की रे," दालचिनीचा पाव मोडत तो म्हणाला. "मागच्या खेपेला तीसदा मारलं, एक चकती आत गेली नाही. मोठ्या लीगचे लोक बघून गेले म्हणे?"

"दोनदा."

"नशीबवान आहे बेटा. आणि तू काय, अजून दारच उघडतोस?"

तो चेष्टेने बोलला होता. मी कप खाली ठेवला.

"मारू नकोस. थांब," मी म्हटलं. "तो आधी बसतो. मग झेलायच्या हाताच्या वर, कोपऱ्यात मार."

यान्नेने माझ्याकडे बघितलं. हसणं थांबलं त्याचं. "खरं सांगतोयस?"

"कॉफी गार होतेय," मी म्हटलं.

एवढंच बोलणं. उठताना मला हलकं वाटत होतं, हे लपवून काय करू.

पहिला गोल चौथ्या मिनिटाला झाला. यान्ने थांबला, ओत्सो बसला, चकती वरच्या कोपऱ्यात. दुसरा तिथेच, दुसऱ्या कुणीतरी मारलेला, म्हणजे यान्नेने त्यांच्या बाकावर सांगितलं होतं. तिसऱ्यानंतर ओत्सो जाळ्याकडे वळून ते कुठे फाटलंय का बघावं तसा बघत राहिला. रीस्तोने माझ्याकडे न बघता म्हटलं, "लाउरी, उतर."

आयुष्यातला सगळ्यात चांगला सामना मी त्या दिवशी खेळलो. तेवीस फटके अडवले, एकही सोडला नाही. आमच्यांनी चार गोल केले आणि जिंकलो. लोक पाय आपटत माझं नाव घेत होते, लूमी पिल्वीच्या खांद्यावर बसली होती. आणि मला सगळ्यात आधी येऊन कोणी मिठी मारली, तर ओत्सोने.

"कसला खेळलास," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल होते, पण तो खरंच खूश झाला होता. हात मिळवताना यान्ने मात्र माझ्याकडे बघत नव्हता.

पुढच्या सहापैकी पाच सामने मी खेळलो. मध्ये एकदा रीस्तोने ओत्सोला संधी दिली, त्यात पाच गोल झाले, त्यातले चार त्याच कोपऱ्यात. अशी बातमी पसरायला किती वेळ लागतो? नाताळाच्या आधी रीस्तो म्हणाला, पोर ढासळलंय, जानेवारीत खालच्या लीगला पाठवू. मी "बघ बाबा तू" एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉलवर लवकर पोचलो, तर ओत्सो कपडे बदलायच्या खोलीत बसलेला. पॅड बांधलेले, मुखवटा मांडीवर.

"लाउरी, तू मला रोज बघतोस," तो म्हणाला. "सगळ्यांना काहीतरी दिसतंय. मलाच दिसत नाहीये. पेन्ती म्हणतो, डोक्यातलं आहे. डोक्यातलं आहे का?"

मी बूट बांधत राहिलो. हो म्हटलं असतं तर संपलं असतं.

"डोक्यातलं नाही, हातातलं आहे," मी म्हटलं. "चल बर्फावर."

अडीच आठवडे आम्ही रोज सकाळी तासभर तेच केलं. मी चकती घेऊन यायचो, थांबायचो. तो बसला की मी ओरडायचो, "अजून नाही. हात वर." चौथ्या दिवशी तो उभा राहायला शिकला आणि माझा पहिला फटका त्याने वर झेलला.  शिकवत होतो मी, आणि जळतही होतो मीच.

त्याच दिवशी मी त्याला सांगितलं. बर्फावर आम्ही दोघंच होतो.

"यान्नेला मी सांगितलं होतं. त्या सामन्याआधी."

त्याने मुखवटा वर केला.  शिव्या देईल, स्टिक फेकेल असं वाटलं. त्याने मुखवटा खाली ओढला.

"अजून वीस मार," तो म्हणाला.

मी वीस मारले. त्याने एकोणीस झेलले. नंतरही तो रोज सकाळी वेळेवर यायचा, सांगितलेलं सगळं करायचा. पण गुरुवारी सूपाचं ताट फक्त स्वतःचं घ्यायचा आणि दुसऱ्या टेबलावर बसायचा. रीस्तोला त्याने काही सांगितलं नाही. मीही नाही.

जानेवारीत खालच्या लीगला जाण्याऐवजी तो पुन्हा जाळ्यापुढे उभा राहिला आणि सलग आठ सामने जिंकला. फेब्रुवारीत मोठ्या लीगच्या संघाने त्याला नेलं. जाताना सगळ्यांशी हात मिळवले, माझ्याशीही, तितकाच वेळ जितका इतरांशी. मग जाळं माझं झालं. कुणाला हरवून नाही, कुणी उरलं नाही म्हणून.

मार्चमध्ये एका रविवारी दुपारी टीव्हीवर त्याची मुलाखत लागली. मोठ्या हॉलमधला त्याचा तिसरा विजय होता. त्याला विचारलं, डिसेंबरात इतका खराब खेळत होतास, मग सुधारलास कसा. ओत्सोने जरा विचार केला आणि म्हणाला, "आमचे पेन्ती म्हणून प्रशिक्षक आहेत, त्यांनी फार मेहनत घेतली."

मी रिमोट आपटला. "पेन्ती? त्या गाढवाला चूक दिसलीसुद्धा नव्हती."

पिल्वी माशांचं सूप ढवळत होती. तिला मी सगळं नाताळातच सांगून टाकलं होतं. ती चार दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

"मग काय तुझं नाव घ्यायला हवं होतं त्याने?" तिने विचारलं.

"हो. का नाही?"

"घेतलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं त्याला, लाउरी. पहिल्यापासून." तिने शेपू चिरून सूपात टाकला. "पोराने तुला झाकलंय. गप बस आणि जेव."

पडद्यावर ओत्सो पुन्हा जाळ्यापुढे उभा होता. समोरचा खेळाडू थांबला. ओत्सोही थांबला, हात वर धरून, आणि त्याने चकती अलगद झेलली. फार सुंदर झेलली. मी चमचा हातात धरून बघत राहिलो, आणि ते जुनं, ओळखीचं जळणं पुन्हा सुरू झालं.